उत्तरेचा आगमनकाळ

वऱ्हाडातील माणसाला हिवाळा हा सुखाचा ऋतू वाटतो. शेतात कापसाची वेचणी चाललेली असते, तुरीच्या शेंगा भरत आलेल्या असतात, पहाटे शेकोटीभोवती चार माणसे जमतात आणि आठ वाजता कोवळ्या उन्हात पाठ शेकीत बसले की जगात काही उणे आहे असे वाटत नाही. सूर्याचे मात्र आम्हांला कौतुक नाही, धाकच अधिक. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांना टेकला म्हणजे दारव्ह्याच्या बाजारपेठेत भर दुपारी चिटपाखरू दिसत नाही. म्हणूनच, ज्या देशात लोक सूर्याची पाहुण्यासारखी वाट पाहतात, त्या देशात आगमनकाळाचे काही दिवस घालवण्याचा योग आला, तेव्हा मनात कुतूहल होते आणि थोडी धाकधूकही होती.

२०२३ साली धर्मगुरूंसाठी असलेल्या एका अल्प मुदतीच्या अभ्यासवर्गाकरिता आम्ही रोमला होतो. नाताळापूर्वी परतायचे होते, आणि परतीच्या आधी स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे आठवडाभर राहण्याचे ठरले होते. त्याला कारण होते. आमच्या दारव्ह्यातील एका कुटुंबाचा मुलगा संगणकाच्या नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झाला आहे. त्याची पत्नी वसईकडची, मुलगी पाच वर्षांची. आई मात्र इकडे, पतीच्या निधनानंतर घरात एकटी. सत्तरी ओलांडलेली ही माउली आम्ही निघण्याच्या आदल्या दिवशी पिशवी घेऊन आली. पिशवीत कुरडया, मूगवड्या आणि घरच्या तुरीची डाळ. म्हणाली, "फादर, तुमी त्याच्या घरी जेवा. पैशाचं मले काही कमी नाही, तो बराबर पाठवते. पन तो जेवते का नाही, देवळात जाते का नाही, हे मले कोन सांगन?" या दोन प्रश्नांची उत्तरे आणावीत, एवढीच तिची आम्हांकडून अपेक्षा होती.

८ डिसेंबरला, अमलोद्भव मातेच्या सणाच्या दिवशी, आम्ही स्टॉकहोमच्या विमानतळावर उतरलो. दुपारचे साडेतीन वाजले होते आणि बाहेर काळोख पडला होता. भूगोलाच्या पुस्तकातील अक्षांश अंगावर येतात म्हणजे काय, हे तेव्हा उमगले. दारव्हा विषुववृत्ताच्या वर सुमारे वीस अंशांवर, तर स्टॉकहोम एकोणसाठ अंशांच्याही पुढे. डिसेंबरात आपल्याकडे दिवस अकरा तासांचा असतो, तेथे जेमतेम सहा. सकाळी साडेआठनंतर सूर्य उगवतो, क्षितिजाच्या कडेकडेने थोडी चाल करतो आणि तीन वाजण्यापूर्वीच मावळतो. आकाश ढगाळ असेल तर तेवढेही दर्शन नाही.

हे नगर चौदा बेटांवर वसलेले आहे. एका बाजूस मेलारेन नावाचे विस्तीर्ण सरोवर, दुसऱ्या बाजूस बाल्टिक समुद्र, मध्ये पूलच पूल. पदपथांवर हिम साचते आणि रात्रीतून त्याची काच होते. पाय घसरू नये म्हणून नगरपालिका त्यावर बारीक खडी पसरते, आणि म्हातारी माणसे बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधून चालतात. घरात शिरताना मात्र सर्वजण पादत्राणे उंबऱ्याशीच काढतात. ते पाहून आम्हांला एकदम घरी आल्यासारखे वाटले!

आणखी एका वस्तूने आमचे लक्ष वेधले. मोठ्यांच्या कोटाला आणि मुलांच्या दप्तराला एक लहानशी चकती टांगलेली असते. तिच्यात दिवा नसतो. मोटारीचा प्रकाश पडला म्हणजे ती चमकते आणि अंधारात माणूस चालला आहे हे चालकाला कळते. आपण दुसऱ्याला दिसलो पाहिजे, नाहीतर धोका आहे, ही साधी गोष्ट त्या लोकांनी अंधाराकडून शिकून घेतली आहे.

पण खरी नवलाई होती ती खिडक्यांची. आगमनकाळाचा पहिला रविवार आला की तेथील घराघरांतून खिडकीत कागदी तारा टांगला जातो, आपल्या नाताळच्या ताऱ्यासारखा. खिडकीच्या कठड्यावर सात दिव्यांची उतरती दीपमाळ ठेवली जाते. मेणबत्त्यांच्या जागी विजेचे दिवे वापरण्याची कल्पना १९३० च्या दशकातील, आणि तीही त्याच देशातली. पडदे ओढलेले नसतात. खोलीला त्या उजेडाचा फारसा उपयोग नाही, कारण खोलीत दुसरे दिवे असतात. कठड्यावरचा दिवा रस्त्यावरून जाणाऱ्यासाठी असतो. दिवा लावून तो भांड्याखाली झाकू नये, हे प्रभूचे सांगणे आम्ही प्रवचनपीठावरून कितीदा तरी समजावून दिले आहे. एका गोठलेल्या गल्लीतून चालताना, दोन्ही बाजूंनी चार चार मजल्यांवर ते सांगणे अमलात आलेले पाहिले.

आमच्या यजमानांच्या सुनबाईंनी याविषयी एक हकीकत सांगितली. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक वृद्धा एकटीच राहते. दोघींची ओळख नव्हती, परंतु खिडकीतील ताऱ्यामुळे एकमेकींचे अस्तित्व ठाऊक होते. मागील एका वर्षी आगमनकाळाचा दुसरा रविवार उलटला तरी ती खिडकी अंधारीच राहिली. सुनबाईंनी दोन दिवस वाट पाहिली आणि मग जिना चढून दार वाजवले. वृद्धेचा हात दुखावला होता आणि माळ्यावरची पेटी तिला खाली काढता येत नव्हती. सुनबाईंनी पेटी काढली, तारा टांगला, दोघींनी कॉफी घेतली. तेव्हापासून पाच वर्षांच्या आमच्या बालमैत्रिणीला त्या घरी आजीचे स्थान मिळाले आहे. स्वीडिश माणूस अबोल खरा, परंतु दार वाजवले तर तो ते उघडतो.

रविवारी, १० डिसेंबरला, आम्ही संत एरिक यांच्या कॅथलिक महामंदिरात मिस्साबलिदानास गेलो. स्वीडनमधील कॅथलिक ख्रिस्तसभेचा इतिहास आपल्या वाचकांनी अवश्य जाणून घ्यावा असा आहे. एके काळी हा सारा देश कॅथलिक होता. संत ब्रिजिता याच भूमीची. चौदाव्या शतकात तिने स्थापन केलेल्या संघाचा मठ वादस्तेना येथे होता. १५२७ साली राजा गुस्ताव वासा याच्या काळात रोमशी असलेला धागा तुटू लागला, १५९५ साली वादस्तेनाचा मठ बंद पडला, आणि पुढे १६१७ च्या कायद्यानंतर कॅथलिक होणाऱ्या स्वीडिश माणसास स्वदेशात थारा उरला नाही. राणी क्रिस्तिनाने १६५४ साली सिंहासन सोडले आणि नंतर उघडपणे कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. तिची समाधी आम्ही रोममध्ये संत पेत्राच्या महामंदिरात नुकतीच पाहून आलो होतो. राणीची ही कथा, तर सामान्यांची काय! १८५८ साली सहा स्त्रियांना केवळ त्या कॅथलिक झाल्या म्हणून देशाबाहेर घालवण्यात आले. त्यावरून युरोपभर टीका झाली आणि दोन वर्षांनी कायदा सैल करण्यात आला. पूर्ण धर्मस्वातंत्र्य मिळाले ते १९५१ साली, म्हणजे आपल्या देशाच्या राज्यघटनेनंतर!

आज संपूर्ण स्वीडन मिळून एकच धर्मप्रांत आहे. एक कोटीच्या वस्तीत नोंदलेले कॅथलिक एक लाखाहून थोडे अधिक. धर्मप्रांताची धुरा १९९८ साली महागुरुस्वामी अँडर्स आर्बोरेलियस यांच्याकडे आली. ते कार्मेलाईट संघाचे व्रतस्थ असून विसाव्या वर्षी त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली होती. २०१७ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना कार्डिनलपद दिले. स्वीडनला मिळालेले ते पहिले कार्डिनल होत.

त्या रविवारी मंदिर भरलेले होते. आमच्या पुढच्या बाकावर पोलिश कुटुंब, शेजारी इराकमधून परागंदा झालेले वृद्ध दांपत्य, मागे फिलिपिनो परिचारिका, बाजूस इरिट्रियाच्या शुभ्र वस्त्रांतील माता. सर्वांच्या तोंडी स्वीडिश भाषेतील प्रार्थना, आणि प्रत्येकाच्या उच्चारात स्वतःच्या गावाची माती. आमच्या दारव्ह्याकडील मिस्सेला सणाखेरीज पन्नास माणसे जमली तरी आम्ही समाधान मानतो. आपण मूठभर आहोत, ही खंत आपल्या विदर्भातील धर्मग्रामांतून नेहमी ऐकू येते. मूठभरांनी चारशे वर्षे काढली, आणि परक्या देशांतून आलेल्या विस्थापितांच्या पावलांनी ते मंदिर पुन्हा भरले, हे पाहून त्या खंतीचा भार हलका झाला. आमचा दारव्हेकर तेथे दर रविवारी जातो, हेही डोळ्यांनी पाहिले. मातेच्या एका प्रश्नाचे उत्तर मिळाले. दुसऱ्याचे उत्तर त्याच दुपारी मूगवड्यांच्या भाजीने दिले.

तो दिवस नोबेल पारितोषिकांचाही होता. सायंकाळी दूरचित्रवाणीवर आम्ही तो सोहळा पाहिला. साहित्याचे पारितोषिक त्या वर्षी नॉर्वेचे युन फॉसे यांना होते. हेही प्रौढपणी कॅथलिक झालेले लेखक. सोहळा पाहता पाहता मनात दुसरा १० डिसेंबर जागा झाला. १९७९ साली याच तारखेला, शेजारच्या नॉर्वेत, ऑस्लो नगरीत, निळ्या काठाची पांढरी साडी आणि वर लोकरीचे जाकीट अशा वेषात मदर तेरेसा शांततेचे पारितोषिक स्वीकारण्यास उभ्या राहिल्या होत्या. सन्मानार्थ होणारी मेजवानी रद्द करून ते पैसे गरिबांना द्यावेत, ही त्यांची विनंती मान्य झाली होती. त्यांच्या भाषणातील एक प्रसंग आम्हांला पूर्वीपासून स्मरतो. त्या एका वृद्धाश्रमात गेल्या होत्या. तेथे सर्व सोयी होत्या, सुंदर वस्तू होत्या, परंतु एकाच्याही मुखावर हसू नव्हते आणि प्रत्येकाची नजर दाराकडे लागलेली होती. मुले येतील, या आशेने.

हा प्रसंग त्या घरी आठवावा याला निमित्त होते. रात्री जेवणे झाल्यावर मुलाने मनातील गोष्ट सांगितली. आईला इकडे आणण्याचा प्रयत्न केला, परंतु कायमच्या वास्तव्याची परवानगी मिळणे अवघड, आणि या थंडीत, या भाषेत, ती रमणार कशी? स्वतः परत यावे तर नोकरी, मुलीची शाळा, घराचे कर्ज. म्हणून विदर्भातच एका चांगल्या वृद्धाश्रमात तिची व्यवस्था करावी असे त्याने ठरवले होते. "फादर, आई तुमचं ऐकते. तुम्ही तिला समजावून सांगाल?"

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. त्याच्या बोलण्यात निष्ठुरता नव्हती, काळजी होती. धर्मगुरूच्या आयुष्यात असे प्रश्न वारंवार येतात, ज्यांत दोन्ही बाजूंना प्रेमच असते आणि तरीही कोणीतरी एकटे पडते.

१३ डिसेंबर उजाडला, किंवा खरे म्हणजे उजाडण्यापूर्वीच सुरू झाला. हा संत लूसियाचा दिवस. सिसिली बेटावरील सिराक्यूज नगरातील ही कुमारिका ३०४ सालच्या सुमारास, सम्राट डायोक्लेशियनच्या छळात, रक्तसाक्षी झाली. तिच्या नावातच लॅटिन भाषेतील प्रकाश आहे. जुन्या पंचांगानुसार वर्षातील सर्वांत मोठी रात्र याच सुमारास येई. धर्मसुधारणेनंतर त्या देशातून संतांचे सण बहुतेक गेले, परंतु ही दक्षिणेची मुलगी उत्तरेच्या अंधारात टिकून राहिली. अठराव्या शतकात पश्चिम स्वीडनमधील मोठ्या घरांतून तिची प्रथा दिसते. १९२७ साली स्टॉकहोममधील एका वृत्तपत्राने नगराची लूसिया निवडली आणि मग ती देशभर पसरली. पांढरा झगा, कमरेला रक्तसाक्ष्याच्या रक्ताची खूण म्हणून लाल पट्टा, मस्तकावर दिव्यांचा मुकुट. गीताची चाल नेपल्सच्या नावाड्यांची, आणि नंतर खायला केशर घातलेले, मनुका लावलेले पाव.

सकाळी साडेसातला, गडद काळोखात, आम्ही बालवाडीच्या अंगणात उभे होतो. पालकांच्या हातांत कंदील. तीसएक मुले पांढऱ्या झग्यांत, हातांत लहान दिवे घेऊन, एकामागून एक बाहेर आली. त्यांत आमची बालमैत्रीण. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या मुलींची आठवण व्हावी असे ते दृश्य होते. मुलाने भ्रमणध्वनीवरून दारव्ह्याला चित्रसंवाद जोडला. तेथे दुपारचे बारा वाजले होते. पडद्यावर लख्ख ऊन, अंगणातील तुळस, वाळत घातलेली तूर आणि डोळ्यांवर हात धरून पाहणारी आजी! पलीकडून प्रश्न आला, "अरे, एवढ्या अंधारात पोरीले काऊन उभं केलं?" सारे हसले. पण आमच्या लक्षात दुसरी गोष्ट आली. घंटा पुरती वाजण्यापूर्वीच तिने संवाद घेतला होता.

परतताना आम्ही मुलास विचारले, "तू आईला केव्हा फोन करतोस?" तो म्हणाला, "वेळ मिळेल तेव्हा." म्हणजे कधी सकाळी, कधी रात्री, कधी चार दिवसांनी. तेव्हा आम्ही त्यास ऑस्लोमधील भाषणातला तो प्रसंग सांगितला आणि म्हटले, "बाबा, आता दाराची जागा या यंत्राने घेतली आहे. वेळ ठरलेली नसली म्हणजे वाट पाहणाऱ्याचा सारा दिवस दाराकडे तोंड करून जातो. तुझी आई ते यंत्र पदराखाली घेऊन बसलेली आम्ही पाहिली आहे. वृद्धाश्रमाचे काय करायचे ते तिच्यावाचून ठरवू नकोस. पण वेळ मात्र आजच ठरव."

स्वीडिश लोक दुपारी तीनला काम थांबवून कॉफी घेतात. ती विश्रांती तेथे जवळजवळ पवित्र मानली जाते. तीन म्हणजे आपल्याकडे साडेसात, माउलीची जपमाळ आटोपण्याची वेळ. तेव्हापासून दररोज त्या कॉफीच्या दहा मिनिटांत दारव्ह्याचा फोन वाजतो. कॉफीचा पेला तिकडे, चहाचा कप इकडे.

दारव्ह्यास परतल्यावर आम्ही मातेला सर्व वृत्तान्त दिला, आणि वृद्धाश्रमाविषयी तिच्या मुलाच्या मनात काय आहे तेही, त्याच्या संमतीने, लपवून न ठेवता सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "वाईट नाही फादर. पन जाईन तं माह्या पायानं जाईन. कोनी ठेवलं म्हनून नाही." या उत्तरात वार्धक्याचा सारा स्वाभिमान आहे. त्यावर आम्ही कोणते प्रवचन करावे? तिने अद्याप घर सोडलेले नाही.

त्या नाताळानंतर आम्ही धर्मग्रामस्थांसमवेत बसून एक यादी केली. जेथे वृद्ध माणूस एकटे राहते आणि मुले बाहेरगावी किंवा बाहेरदेशी आहेत, अशी घरे किती? आमच्या इवल्याशा कळपात ती नऊ निघाली. शेजारच्या प्रत्येक कुटुंबाने एक घर वाटून घेतले. नियम एकच. संध्याकाळी त्या घराचा बाहेरचा दिवा लागला की नाही, हे पाहायचे. न लागल्यास दार वाजवायचे. यास पैसा लागत नाही, संस्था लागत नाही, वर्गणीही नाही. स्टॉकहोमच्या सुनबाईंनी जिना चढून जे केले तेच आम्ही आमच्या गल्लीत करू लागलो.

आपल्या समाजात आज असे कुटुंब विरळा, ज्यातील कोणी आखातात, कॅनडात, इंग्लंडात नाही. निदान पुण्या-मुंबईस तरी आहेच. विदर्भातील कष्टाळू घरांनी मुलांना शिकवले ते त्यांनी पुढे जावे म्हणूनच, आणि ती गेली याचा आनंदच मानला पाहिजे. मूर्तिजापूरहून दारव्ह्यामार्गे यवतमाळला जाणारी आमची शकुंतला गाडी इतकी सावकाश चाले की धावत जाऊन तिच्यात बसता येई असे म्हणत. त्या गाडीने गेलेला मुलगा सणाला परत येई. आता ती गाडीही थांबली आहे आणि मुले विमानाने जातात. निरोप देणारी माणसे तीच आहेत.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यात पिता मुलाला तो दूर असतानाच पाहतो. म्हणजे पिता वाटेकडे डोळे लावून होता. आगमनकाळात ख्रिस्तसभा आपल्याला हेच शिकवते, आणि उत्तरेकडील थंड नगरात आम्हांला त्या वाट पाहण्याची दुसरी बाजू समजली. वाट पाहणाऱ्याचे काम दिवा लावून ठेवणे आहे. ज्याची वाट पाहिली जाते त्याचेही काम आहे, आणि ते म्हणजे वेळ सांगणे. तेव्हा वाचकहो, येत्या आगमनकाळात आपल्या घरापासून दूर असलेल्यांना हे अवश्य कळवा. आणि जे दूर आहेत, त्यांच्या हाती हा अंक पडला, तर त्यांनी आजच आपल्या घड्याळात घरची वेळ मांडून पाहावी.